पुण्यात पहिली नोकरी आणि एकटीचं राहणं: पहिल्या काही महिन्यांत काय काय लावून घ्यायचं

पुण्यात नोकरी लागली की घरी पेढे वाटले जातात, सगळे अभिनंदन करतात आणि मग खरे प्रश्न सुरू होतात, राहायचं कुठे, खायचं काय, पगार पुरवायचा कसा आणि संध्याकाळी रूमवर आल्यावर जे एकटं एकटं वाटतं त्याचं काय करायचं. मी लातूरकडची, आता बरीच वर्षं इथेच नोकरी करतेय, आणि दर पावसाळ्यात गावाकडून कोणाची तरी बहीण नाहीतर भाची फोन करते की ताई पुण्यात जॉईन होतेय, काय काय बघून ठेवू. त्या सगळ्यांना फोनवर जे सांगते तेच इथे नीट लिहून काढतेय.

माझं याबाबतीत एक मत अगदी पक्कं आहे. नोकरी करणाऱ्या मुलीचा वाईट दिवस ऑफिसात सुरू होतो खरा, पण तो हाताबाहेर जातो रूमवर आल्यावर. मॅनेजर बोलला तर तासा-दोन तासांत त्याची धार कमी होते. पण तू दमून आलीस आणि नळाला पाणी नाही, सिलिंडर संपलाय, डब्यात सकाळची वाळकी पोळी आहे आणि महिन्याची वीस तारीख असून अकाउंटला हजार रुपये उरलेत, तर तेच बोलणं रात्री दोनपर्यंत डोक्यात फिरत बसतं. म्हणून राहणं, खाणं, पैसा आणि झोप या चार गोष्टींची घडी आधी बसव, बाकीचं मग पेलतं.

रूम शोधताना

पहिल्यांदा ऑफिस कुठे आहे ते बघ आणि त्याच बाजूला राहा. हिंजवडीत ऑफिस असेल तर वाकड, बालेवाडी, बाणेर, खराडीला असेल तर चंदननगर, वडगाव शेरी, मगरपट्ट्याला असेल तर हडपसर. मैत्रीण कोथरूडला राहते म्हणून आपणही कोथरूडला राहायचं आणि रोज खराडी गाठायची असं करू नकोस, सोबत दोन दिवस छान वाटते आणि नंतर रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात, त्यात मैत्रिणीशी बोलायलाही ताकद उरत नाही. मेट्रोच्या जवळ मिळालं तर सोन्याहून पिवळं. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट असे मेट्रोचे मार्ग आहेत, सिव्हिल कोर्टला गाडी बदलता येते, त्यामुळे ऑफिस या मार्गांवर असेल तर थोडं लांब राहिलं तरी चालतं.

सुरुवातीला कॉट बेसिस, म्हणजे दुसऱ्या मुलींसोबतच्या खोलीत एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणं, बरं पडतं. दोन-तीन महिने कॉट बेसिसवर राहा, शहर कळू दे, ऑफिसात ओळखी होऊ दे, आणि मग दोघी-तिघी मिळून फ्लॅट घ्या. फ्लॅटला डिपॉझिट, ब्रोकरेज, गाद्या, शेगडी, बादल्या असा मोठा खर्च एकदम येतो आणि पहिल्या पगाराआधी तो झेपत नाही.

रूम बघायला संध्याकाळी आठनंतर जा. दिवसा सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात. रात्री बघायचं की रस्त्यावर दिवे आहेत का, कोपऱ्यावर कोण उभं असतं, मेन रोडपासून किती चालावं लागतं, रिक्षावाला आत यायला तयार होतो का. पाण्याचं मालकाला विचारून उपयोग नाही, तो चोवीस तास येतं असंच सांगणार. वॉचमनला किंवा जिन्यात भेटलेल्या काकूंना विचार, की पाणी किती वेळ येतं, टँकर मागवावा लागतो का, उन्हाळ्यात काय होतं. शहराच्या कडेला वाढलेल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला उठून बादल्या भरायची वेळ येते, हे आधी माहीत असलेलं बरं.

फोटो बघून टोकन, म्हणजे रूम धरून ठेवायची आगाऊ रक्कम, पाठवायचं नाही. ऑनलाइन जाहिरातीत फ्लॅट अगदी स्वस्त असतो, समोरचा माणूस म्हणतो मी आर्मीत आहे, बदली झालीये, तुम्ही टोकन टाका चावी मिळेल, हा ठरलेला गंडवायचा प्रकार आहे. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही एवढं डोक्यात पक्कं ठेव. फसलीसच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, जितक्या लवकर करशील तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आता ॲग्रीमेंट. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून मुली वाचत नाहीत आणि डिपॉझिट अडकतं ते इथेच. पुण्यात बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीचा भाडेकरार, होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार हे ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर केलेलं असावं लागतं, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते. नुसत्या स्टँप पेपरवर सही करून नोटरी केलेला कागद म्हणजे रजिस्टर नव्हे, मालक ‘आमच्याकडे असंच चालतं’ म्हणाला तरी रजिस्टरचाच आग्रह धर. आता हे ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो आणि काम उरकतं. स्टँप ड्युटी पूर्ण काळाच्या भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे महिना २० हजार भाडं असेल तर ११ महिन्यांच्या २ लाख २० हजारांवर साडेपाचशे रुपये, डिपॉझिट धरलं की त्यात थोडी भर पडते, शिवाय रजिस्ट्रेशन फी आणि एजंटचे पैसे. हे कोण भरणार ते आधी बोलून घ्यायचं.

सही करायच्या आधी चार ओळी शोधून वाच. लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत रूम सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा आहे, नोटीस किती दिवसांची, सोसायटी मेंटेनन्स कोण भरणार आणि रूम सोडताना पेंटिंगचे किती कापणार. शेवटची ओळ फार महत्त्वाची, कारण पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची इथे रीतच पडलीये. आधी आकडा लिहून घेतला तर नंतर वाद होत नाही.

चावी मिळाली त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, मोबाइलवर व्हिडिओ काढ. घाईत दोन फोटो काढून भागत नाही. दारापासून सुरू कर, प्रत्येक भिंत, भिंतीवरचे ओलीचे डाग, खिळ्यांची भोकं, खिडकीची काच, कपाटाची कडी, संडासचा फ्लश ओढून, गीझर चालू करून, प्रत्येक नळ सोडून, ओट्याखालचं पाइप गळतंय का तिथे हात लावून. शेवटी विजेच्या मीटरचं रीडिंग आणि ग्राहक क्रमांक. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठव आणि खाली लिही, काका आज रूमचा ताबा घेतला, आतली स्थिती अशी आहे. काही उद्धट वाटत नाही त्यात. सोडताना जेव्हा मालक म्हणतो की हा डाग तुमच्यामुळे पडला, तेव्हा तारखेसकट उत्तर तुझ्या हातात असतं.

पाहुण्यांचे, रात्री यायच्या वेळेचे नियमही आत्ताच विचारून घे. तुझी शिफ्ट रात्री अकराला सुटत असेल आणि गेट दहाला बंद होत असेल तर ती रूम कितीही छान असो, तुझ्या कामाची नाही.

रूममेट

भांडणं मोठ्या गोष्टींवरून होत नाहीत. दूध कोणी संपवलं, बाथरूममधले केस कोण काढणार, लाइट बिल कोणाच्या एसीमुळे वाढलं यावरून होतात. पहिल्याच आठवड्यात बसून ठरवा. सामाईक खर्चाचे पैसे एक तारखेला सगळ्यांनी एकीकडे जमा करायचे आणि त्यातून सिलिंडर, दूध, फिनेल, मावशींचा पगार जायचा. सिलिंडरचं कनेक्शन नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर विकत मिळतो, दोघी-तिघींना तो पुरतो. भांडी-केर-फरशीला मावशी लाव, पैसे वाचवायला ते काम अंगावर घेऊ नकोस, कारण एकदा का भांडी कोणाची यावरून धुसफूस सुरू झाली की ती थांबत नाही. आणि मावशींना महिन्याच्या दोन सुट्ट्या पगारी आणि दिवाळीला बोनस, हे आपल्याला ऑफिसकडून जसं हवं असतं तसंच त्यांनाही द्यायचं.

पगार हातात येताना

ऑफर लेटरवर जो आकडा असतो तो हातात येत नाही. समज सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला तुझ्यावर करते तो सगळा खर्च, ४ लाख २० हजार आहे, म्हणजे महिना ३५ हजार असं तुला वाटतं आणि घरी पण तू तेच सांगतेस. पण त्यात दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून द्यायचा भाग, असेल तर महिन्याचे साडेतीन हजार आधीच बाजूला, ते वर्षाच्या शेवटी मिळाले तर मिळाले. मग कंपनीच्या वाटचा पीएफ १,८०० आणि तुझ्या वाटचा १,८००, ग्रॅच्युइटीचे सात-आठशे, प्रोफेशनल टॅक्सचे २००, आणि हातात येतात सत्तावीस हजारांच्या आसपास. भाड्याचा हिशोब या सत्तावीसवर करायचा, पस्तीसवर नाही. मी मुलींना सांगते की भाडं, लाइट, मावशी मिळून हातातल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे इथे नऊ हजार.

प्रोफेशनल टॅक्सबद्दल एक माहिती असू दे, महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो लागत नाही. पगार त्याच्या आत असून स्लिपवर कापलेला दिसला तर एचआरला सरळ विचार.

पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खात्याचा नंबर, पहिल्याच महिन्यात मागून घे, आधार, पॅन, बँक जोडून टाक आणि नॉमिनी भर. नोकरी बदलली की तो पीएफ नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करायचा, काढून घ्यायचा नाही. पाच वर्षं सलग पूर्ण व्हायच्या आत काढला तर त्यावर टॅक्स बसतो, आणि तसाही तो फोनमध्ये नाहीतर गोव्यात जातो.

पगाराच्या दिवशीच तीन ट्रान्सफर कर. भाडं, घरी द्यायचे पैसे, आणि आरडी. आरडी म्हणजे बँकेत दर महिन्याला ठराविक रक्कम टाकायची ठेव, ती दोन हजारांची का असेना, पण पगार आला त्याच दिवशी कापली जाऊ दे, महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं की काहीच उरत नाही. तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत दुसरीकडे कुठेही पैसे अडकवू नकोस, ऑफिसातला कोणीतरी शेअर मार्केटच्या टिप्स देत असतोच, त्याला मान डोलवायची आणि पुढे जायचं. हा साठा कशासाठी लागतो ते सांगते. नोकरीत अगदी असह्य झालं तर उद्या सोडू शकते एवढी खात्री मनात असली की रोजचं बोलणं कमी लागतं. कंपनीचा मेडिक्लेम तुझ्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून जमेल तेव्हा स्वतःचा छोटा हेल्थ इन्शुरन्स वेगळा घे, लहान वयात हप्ता कमी बसतो.

घरी पैसे द्यायचे असतील तर रक्कम एकदा ठरवून स्पष्ट सांग. बाबा, मी दर महिन्याला पाच हजार पाठवेन, दिवाळीला जास्त पाठवेन. आपल्याकडे मुली हे बोलत नाहीत, मागितलं की देत राहतात आणि मग स्वतः क्रेडिट कार्डवर जगतात. ठरलेली रक्कम दिली की घरच्यांनाही अंदाज राहतो आणि तुलाही फोन वाजला की धस्स होत नाही.

जेवण

या विषयावर मी जरा जास्तच बोलते, कारण पहिल्या वर्षात पुण्यात आलेल्या मुलींची तब्येत इथेच बिघडताना बघितलीये. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कॅन्टीन, संध्याकाळी वडापाव, रात्री ऑर्डर. सहा महिन्यांत केस गळायला लागतात, पाळी पुढे-मागे होते, ॲसिडिटी होते आणि वाटतं की स्ट्रेस आहे.

रोज दोन्ही वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक जमणार नाही, तसा हट्टही धरायचा नाही. पुण्यात पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत, त्यांचा पुरेपूर उपयोग कर. पोळ्या तिथून आण, कारण पोळ्यांनाच सगळ्यात जास्त वेळ आणि पसारा लागतो, आणि भाजी-आमटी-भात घरी कर. नुसता वरण-भात लावायला कुकरच्या तीन शिट्ट्या पुरतात आणि तोपर्यंत तुझी अंघोळ होते.

रविवारी एक तास-दीड तास काढ. मेथी-पालक निवडून, कपड्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. गवार, घेवडा मोडून डब्यात. आलं-लसूण-मिरचीचं वाटण मीठ घालून काचेच्या बाटलीत. मटकी नाहीतर मूग शनिवारी रात्री भिजत घालायचे, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, सोमवारी सकाळी मोड येतात, त्यातली निम्मी उसळ डब्याला आणि निम्मे तसेच कांदा-लिंबू मारून संध्याकाळी. चिंच कोळून ठेवायची. एवढं केलं की आठवड्यात कुठलीही भाजी वीस मिनिटांत होते, फोडणीला घालायची आणि झाकण ठेवायचं.

अगदीच दमलेल्या दिवसासाठी तीन गोष्टी घरात हव्यातच, बेसन, भाजणी आणि मेतकूट. बेसन असलं की पिठलं होतं, भाजणी असली की थालीपीठ, आणि त्याचीही ताकद नसेल तर मऊ भात, मेतकूट, तूप. ज्या दिवशी ऑफिसात रडू आलं होतं त्या दिवशी पिझ्झा मागवण्यापेक्षा गरम भात खाऊन बघ, झोप फार वेगळी लागते. आईकडून येताना काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणी आणायचीच, संकोच करायचा नाही, तिला पण बरं वाटतं.

आणि ऑफिसात डबा एकटीने डेस्कवर खाऊ नकोस. चारजणींत बसून खा, एकमेकींची भाजी वाटून घे. नव्या शहरात ओळखी अशाच होतात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी तपासून घे, सतत थकवा असेल तर आधी रक्त तपास आणि डॉक्टरांना दाखव, मी आळशी झालेय असं स्वतःला म्हणत बसू नकोस.

येणं-जाणं

गाडी घेतलीस तर चांगलं हेल्मेट, स्कार्फ, सनकोट आणि जून ते सप्टेंबर डिकीत रेनकोट नि एक जादा कुर्ता. पाऊस पडला की हिंजवडी रोडवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशी सहाला निघायची घाई करू नकोस, एकतर पाचलाच नीघ नाहीतर आठनंतर. बसने जात असशील तर पीएमपीच्या तेजस्विनी बस खास बायकांसाठी असतात, तुझ्या मार्गावर आहे का बघ. रात्री कॅबमध्ये बसलीस की ट्रिप रूममेटला शेअर करायची सवय लाव, उतरल्यावर पोचले एवढा मेसेज. गरज पडली तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२.

रात्रपाळीचं सांगते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची आणि घरी सोडायच्या गाडीची सोय मालकाने करायची असते. त्यामुळे ‘आज जरा उशीर होईल, तू तुझी तुझी जा’ असं टीम लीडने म्हटलं तर कॅब मागायला लाजू नकोस, मेहेरबानी मागत नाहीयेस तू.

ऑफिस

एक वही ठेव. शुक्रवारी निघायच्या आधी दहा मिनिटं, या आठवड्यात काय केलं, कोणाचं अडलेलं सोडवलं, कोणी मेलवर कौतुक केलं, सगळं तारखेसकट लिही. अप्रेझलला, म्हणजे कामाचा आढावा घेतात तेव्हा, बहुतेक मुली गप्प बसतात, काम दिसतंच की असं त्यांना वाटतं. दिसत नाही. शेजारचा मुलगा निम्मं काम करून दुप्पट बोलतो आणि त्याचं रेटिंग वर जातं. तू वही उघडून वाचून दाखवायचं, आवाज चढवायची गरजच पडत नाही.

तोंडी सांगितलेलं काम मेलवर आण. सर, आत्ता बोलल्याप्रमाणे हे बुधवारपर्यंत देते, तोपर्यंत ते दुसरं थांबवते. दोन ओळी पुरतात. एकदम नाही म्हणता येत नसेल तर असं म्हण, हे आज करते, ते उद्या दुपारी देते, चालेल का, आधी कुठलं हवंय. मग ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं.

चारचौघांत कोणी अपमान केला तर त्या क्षणी उत्तर सुचत नाही, सगळ्यांचंच होतं. वॉशरूममध्ये जाऊन रडलीस तरी काही बिघडत नाही, तोंडावर पाणी मार, खाली जाऊन अमृततुल्यवर चहा घे. त्या तासात मेल लिहायचा नाही, राजीनाम्याचा तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माणसाला एकटं गाठून शांतपणे सांग, कामातली चूक जरूर दाखवा, पण काल सगळ्यांसमोर जे बोललात ते मला लागलं, पुढच्या वेळी बाजूला बोलावून सांगा. बरेच जण वरमतात. नाही वरमला तर वहीत तारीख टाकून लिहून ठेव.

छळ वेगळा. अंगचटीला येणं, घाणेरडे मेसेज, बाहेर भेटायचा आग्रह आणि नाही म्हटलं की कामात अडवणूक, हे सहन करायचं कारण नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष बाईच असते, आणि बाहेरच्या संस्थेचा एक सदस्य असतो. तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांत, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि तेवढ्या काळात तू बदली किंवा रजा मागू शकतेस. ऑफिस छोटं असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर ठेव, आणि एका तरी मैत्रिणीला त्याच दिवशी सांग. तुझ्या कपड्यांवरून, हसण्यावरून कोणी काही म्हणेल, त्याच्याशी तक्रारीचा काही संबंध नाही.

घरचे फोन आणि वाईट संध्याकाळी

आईला फोनची वेळ ठरवून दे. रात्री नऊ म्हणजे नऊ. दिवसभर मिस्ड कॉल बघून तिला काळजी आणि तुला चिडचिड, दोन्ही थांबतं. स्थळांचा विषय निघणारच, तेव्हा दर वेळी वाद घालण्यापेक्षा एकदा मुदत देऊन टाक, आई, पुढच्या वर्षीच्या मे पर्यंत मी हा विषय काढणार नाही आणि तूही काढू नकोस, त्यानंतर आपण बसून बोलू. मुदत दिली की तिच्याकडेही नातेवाइकांना सांगायला काहीतरी असतं, आणि बऱ्याचदा तिला तेवढंच हवं असतं.

एकटं वाटतं ते रविवारी दुपारी जास्त. त्या वेळेला बाहेर पडायचं काहीतरी ठरलेलं असू दे. सकाळी वेताळ टेकडी नाहीतर पर्वती, टेकडीवर रोज येणाऱ्या काकू-आजींशी दोन आठवड्यांत ओळख होते आणि तिसऱ्या आठवड्यात त्या विचारतात की गेल्या रविवारी दिसली नाहीस. वाचायची आवड असेल तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, मेंबर हो. नाटकाला एकटीने गेलीस तरी कोणी वळून बघत नाही, बालगंधर्वला एकेकट्या आलेल्या बायका भरपूर असतात.

पण पंधरा दिवस झाले तरी झोप लागत नाही, खाल्लं जात नाही, सकाळी उठून रडू येतं, जगून काय करायचं असं मनात येतं, असं असेल तर ते टेकडीने जाणारं नाही. १४४१६ ला फोन कर, टेलि-मानस आहे, सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि रूममेट जर अशी गप्प गप्प झालेली दिसली तर तिला एकटी सोडू नकोस, तिच्यासाठी तूच फोन लाव.

सुट्ट्या

गणपती आणि दिवाळीची रजा आधीच टाकून ठेव, एकाच टीममधल्या सगळ्यांना त्याच तारखा हव्या असतात आणि जिने आधी टाकली तिला मिळते. रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बस. नाही मिळालं तर एसटी आहेच, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, फक्त दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी रात्री ऐन वेळी स्टँडवर जाऊन जागा मिळत नाही, तेव्हा खिडकीजवळची सीट आत्ताच रिझर्व्ह करून ठेव. निघताना बॅगेत रिकामे डबे टाकायचे, येताना ते भाजणीने आणि चकल्यांनी भरून आणायचे आहेत.